‘निरुपयोगी बेट’ ते सागरी उद्यान : बोनेरच्या पाण्याचा इतिहास

१/ कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण भागात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर बोनेर नावाचे एक कोरडे, निवडुंगांनी भरलेले बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम २८८ चौरस किलोमीटर. सुट्टीसाठी तिथे येणाऱ्या एखाद्या जोडप्याचा दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी रस्त्याकडेच्या पिवळ्या रंगाने नाव रंगवलेल्या दगडापाशी गाडी थांबवायची, मास्क आणि श्वासनळी लावून पाण्यात उतरायचे, काठापासून हाकेच्या अंतरावर प्रवाळ आणि पोपटमासे पाहायचे. दुपारी दक्षिणेच्या मिठागरांत फ्लेमिंगो पाहायचे. हा दिवस निसर्गाने आयता दिलेला दिसतो. प्रत्यक्षात त्याची जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणीतरी कधीतरी घेतलेल्या निर्णयातून आलेली आहे. या धाग्यात त्या निर्णयांचा इतिहास पाहू.

२/ सुरुवात पाण्यापासून नव्हे, जमिनीपासून. १४९९ मध्ये स्पॅनिश जहाजे इथे पोहोचली, तेव्हा बेटावर काकेतियो लोक राहत होते. स्पॅनिश राजवटीला हवे होते सोने. ते इथे नव्हते. पाऊस कमी, माती पातळ. म्हणून बोनेर, क्युरासाओ आणि अरुबा या तिन्ही बेटांवर ‘निरुपयोगी बेटे’ असा शिक्का बसला. मात्र माणसे निरुपयोगी ठरली नाहीत. १५१५ च्या सुमारास काकेतियो लोकांना पकडून हिस्पॅनिओला बेटावर गुलाम म्हणून नेण्यात आले. बेटाची किंमत ठरवणाऱ्याच्या हाती कोणते माप आहे, यावर तिथल्या जीवांचे भवितव्य अवलंबून असते. बोनेरच्या इतिहासात हे माप पुढेही अनेकदा बदलले.

३/ १६३६ मध्ये बेट डचांच्या ताब्यात गेले. डचांना तिथे एक संपत्ती दिसली : मीठ. बेटाचे दक्षिण टोक सपाट आणि सखल आहे, ऊन प्रखर आहे, वारा बाराही महिने वाहतो. खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होण्यास याहून सोयीची जागा मिळणे कठीण. मासे खारवण्यासाठी युरोपला मीठ हवेच होते. त्या मिठागरांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या वंशजांनी राबायचे, अशी व्यवस्था उभी राहिली.

४/ मिठागरांच्या कडेला आजही चुनखडीच्या दगडाच्या ठेंगण्या झोपड्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्या १८५० च्या सुमारास बांधल्या गेल्या. दार इतके बुटके की वाकून, जवळजवळ रांगतच आत जावे लागते. आत प्रौढ माणसाला ताठ उभे राहता येत नाही. गुलामांची कुटुंबे बेटाच्या उत्तरेकडील रिंकॉन गावात असत. आठवड्याच्या शेवटी घरी जायचे, तर कित्येक तासांची पायपीट करावी लागे. डच वसाहतींतील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली. फ्लेमिंगो पाहायला जाणारा रस्ता या झोपड्यांच्या अगदी शेजारून जातो. सुंदर गुलाबी पाणी आणि ही दारे एकाच नजरेत मावतात, हे या बेटाचे वैशिष्ट्य होय.

५/ आता पाण्याकडे वळू. बोनेरच्या पश्चिम किनाऱ्याला प्रवाळभित्ती अगदी खेटून आहे. राजधानी क्रालेनडाइकचे नावही प्रवाळाच्या बांधावरून पडले, असे सांगतात. तरीही शतकानुशतके ही भित्ती कुणी नीट पाहिली नव्हती. कारण शारीरिक होते. माणसाचा डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. प्रकाशकिरण वळवण्याचे बहुतेक काम डोळ्याचा बाहेरील पारदर्शक पडदा करतो. पाण्यात त्या पडद्याची आणि बाहेरच्या पाण्याची वक्रीभवनक्षमता जवळजवळ सारखी होते. किरण पुरेसे वळत नाहीत आणि सारे धूसर दिसते. डोळ्यांसमोर हवेचा एक पातळ थर ठेवला, की दृष्टी परत मिळते. पाण्याखालच्या पर्यटनाचा सगळा इतिहास या हवेच्या थराभोवती फिरतो.

६/ १९३० च्या दशकात फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर गाय गिलपॅट्रिक नावाचे एक अमेरिकन लेखक राहत असत. त्यांनी विमानचालकाच्या जुन्या चष्म्याच्या फटी लांबी लावून बुजवल्या आणि तो चष्मा घालून समुद्रात मासे मारायला सुरुवात केली. या छंदावर त्यांनी १९३८ मध्ये पुस्तकही लिहिले. पण दोन काचांच्या चष्म्यात एक अडचण होती. खोल गेले की पाण्याचा दाब वाढतो, चष्म्यातली हवा आकसते आणि चष्मा डोळ्यांना ओढू लागतो. त्या हवेत भर घालण्याचा मार्ग नसतो. पुढे एकच काच असलेला, नाकही झाकणारा मास्क आला. नाकातून किंचित श्वास सोडला की आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर येतो. इतक्या साध्या बदलाने समुद्र सामान्य पोहणाऱ्याला खुला झाला.

७/ १९३७ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाचा एक अठरा वर्षांचा तरुण त्याच किनाऱ्यावर गिलपॅट्रिक यांना भाल्याने मासे मारताना पाहून थक्क झाला. त्याचे नाव हान्स हास. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, योर्ग ब्योलर आणि आल्फ्रेड फॉन वुर्त्सियान या दोन मित्रांना घेऊन तो क्युरासाओ आणि बोनेरला पोहोचला. सामान होते जलरोधक पेटीत बसवलेला कॅमेरा, पोहण्याची साधने आणि भाले. बोनेरची प्रवाळभित्ती त्यांनी शिकाऱ्याच्या नजरेने पाहिली. त्या काळी पाण्याखाली जायचे म्हणजे शिकारीला जायचे, हेच गृहीत होते. पण त्याच प्रवासात टिपलेली छायाचित्रे आणि चित्रीकरण युरोपात पोहोचले, तेव्हा लोकांनी पाण्यात मोकळे पोहणारा माणूस माशांच्या शेजारी पाहिला.

८/ ते तिघे बेटांवर असतानाच युरोपात महायुद्ध पेटले. परतीचा सरळ मार्ग बंद झाला आणि त्यांना अमेरिका, जपान आणि सायबेरियामार्गे १९४० मध्ये घर गाठावे लागले. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केले, तेव्हा डच कॅरिबियनमधील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना पकडून बोनेरवरच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत नाझी राजवटीपासून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासितही होते. पासपोर्टवरचा देश पाहिला गेला, माणूस नव्हे. युद्ध संपल्यानंतर समुद्रकाठच्या त्या छावणीच्या जागेवर हॉटेल उभे राहिले. बेटावरील पर्यटनाचा उगम बंदिवासाच्या आवारात आहे, ही गोष्ट सुट्टीच्या माहितीपत्रकांत सहसा ठळकपणे येत नाही.

९/ हास यांनी कायद्याचे शिक्षण सोडून प्राणिशास्त्र घेतले. १९४२ मध्ये, अक्ष राष्ट्रांच्या ताब्यातील ग्रीसच्या समुद्रात, त्यांनी ऑक्सिजनवर चालणारे श्वसनयंत्र वापरून चित्रीकरण व संशोधन केले आणि पुढे डॉक्टरेट मिळवली. फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमील गान्यां यांचे दाबाखालील हवेवर चालणारे उपकरण १९४३ मध्ये तयार झाले. हास यांच्या हातात भाला आणि कॅमेरा दोन्ही होते. हळूहळू भाल्याचे महत्त्व कमी होत गेले. मेलेला मासा एकदाच दाखवता येतो, जिवंत मासा पडद्यावर हजारो लोकांना दाखवता येतो, हा हिशेब त्यामागे होताच. कुतूहल आणि व्यवसाय येथे हातात हात घालून चालले.

१०/ युद्धानंतर हास यांच्या कार्यालयात लोट्टे बायर्ल नावाची तरुणी चिटणीस म्हणून रुजू झाली. तिला टंकलेखनापेक्षा समुद्राची ओढ होती. मोहिमेत स्त्री नको, अशी हास यांची भूमिका होती. लोट्टेने व्हिएन्नाजवळ डॅन्यूबच्या पाण्यात कॅमेरा घेऊन सराव केला. अखेर १९५० मध्ये पोर्ट सुदानच्या मोहिमेत तिला जागा मिळाली, त्यातही चित्रपट कंपनीला पडद्यावर स्त्री हवी होती, हे एक मोठे कारण. तांबड्या समुद्रावरील तो चित्रपट १९५१ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये दोघांचा विवाह झाला होता. पाण्याखाली एकमेकांसोबत जीवसृष्टी पाहणारे जोडपे ही प्रतिमा जगाला प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसली, ती हान्स आणि लोट्टे हास यांच्या रूपाने.

११/ या प्रतिमेचे दोन परिणाम झाले. पहिला, पाण्याखाली जाणे हे धाडसी पुरुषांचे साहस न राहता कुणालाही शक्य वाटू लागले. १९५३-५४ मध्ये हास दांपत्य ‘क्सारिफा’ या शिडाच्या जहाजावरून कॅरिबियन आणि पुढे गालापागोसला गेले. त्यांचे चित्रपट आणि १९५६ ची बीबीसीवरील मालिका घराघरांत पोहोचली. दुसरा परिणाम, जहाजावर असलेले तरुण प्राणिशास्त्रज्ञ इरेनाउस आयब्ल-आयबेसफेल्ड यांनी गालापागोसमधील प्राण्यांची दुर्दशा पाहून संरक्षणाची मागणी आंतरराष्ट्रीय संस्थांपुढे मांडली. १९५९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, त्यामागच्या प्रयत्नांत या मागणीचाही वाटा होता. म्हणजे ज्या मोहिमांनी गर्दीला वाट दाखवली, त्यांच्यातूनच गर्दीला आवर घालण्याचा विचारही निघाला.

१२/ बोनेरवर हाच पेच लवकरच उभा राहिला. मास्क, पर आणि रबरी भाला-बंदूक दुकानात मिळू लागल्यावर प्रत्येक किनाऱ्यावर हौशी शिकारी उतरले. भाल्याची शिकार निवडक असते, आणि तीच तिची अडचण आहे. शिकारी सर्वांत मोठा मासा निवडतो. मोठे प्रौढ मासे सर्वांत जास्त अंडी देतात. काही जाती तर वयानुसार लिंग बदलतात, त्यामुळे मोठे मासे गेले की एका लिंगाचा तुटवडा पडतो. एका जागी राहणारे, माणसाला न बुजणारे मासे आधी संपतात. भित्ती बाहेरून जशीच्या तशी दिसते, पण तिचे रहिवासी लहान आणि भित्रे होत जातात.

१३/ १९६२ मध्ये डॉन स्ट्युअर्ट नावाचे अमेरिकन खलाशी शिडाच्या जहाजातून बोनेरला आले आणि तिथेच राहिले. ‘कॅप्टन डॉन’ या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ आरंभी स्वतः भाल्याने शिकार करीत. पुढे त्यांनीच शिकारीविरुद्ध मोहीम उघडली. बेटाच्या प्रशासनाने १९६१ मध्ये कासवांना कायद्याचे संरक्षण दिले होते. १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली आणि १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर. स्थानिक कोळ्यांना गळ आणि दोरीची पारंपरिक मासेमारी चालू ठेवता आली. १९३९ मध्ये हास जिथे भाले घेऊन उतरले होते, तिथे बत्तीस वर्षांनी तोच भाला बेकायदा ठरला.

१४/ जमिनीवरही तोच काळ निर्णायक होता. १९६० च्या दशकात मिठागरांचा आधुनिक विस्तार सुरू झाला. कॅरिबियन फ्लेमिंगोंच्या मोजक्या वीणस्थळांपैकी एक नेमके तिथेच होते. या पक्ष्याचा गुलाबी रंग खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवांतून आणि शेवाळातून येतो. मिठागर गेले की अन्न गेले, आणि मिठागर नको तितके गजबजले की पक्षी घरटी सोडून जातात. तडजोड म्हणून पेकेलमेर या भागात माणसांना प्रवेश नसलेले क्षेत्र राखून ठेवण्यात आले. फ्लेमिंगो रस्त्यावरूनच पाहावे लागतात, ते यामुळे. उत्तरेला वॉशिंग्टन नावाचा जुना मळा १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. जिथे एकेकाळी कोळसा आणि शेळ्या हेच उत्पन्न होते, तिथे पोपट आणि सरडे राखले जाऊ लागले.

१५/ १९७९ मध्ये बोनेरभोवतीचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, सागरी उद्यान म्हणून घोषित झाला. एखादा तुकडा राखून बाकीचा मोकळा सोडण्याऐवजी संपूर्ण बेटच कक्षेत घेणे, हा त्या काळी असामान्य निर्णय होता. नांगर टाकण्यास मनाई झाली, कारण एक नांगर शेकडो वर्षांचा प्रवाळ क्षणात मोडतो. त्याऐवजी होड्या बांधण्यासाठी कायमचे बोये बसवले गेले. पण १९८० च्या दशकात निधी आटला. उद्यान कागदावर राहिले, राखणदार उरले नाहीत. पर्यटकांची संख्या मात्र वाढतच होती.

१६/ उपाय साधा निघाला, पण त्यावर बराच वाद झाला : पाहणाऱ्यानेच पैसे द्यावेत. १ जानेवारी १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याला वर्षाला १० डॉलर शुल्क लागू झाले. शुल्कामुळे पर्यटक दुसऱ्या बेटावर जातील, अशी व्यावसायिकांना भीती होती. तसे झाले नाही. राखणदारांचे पगार आणि बोयांची दुरुस्ती या पैशांतून होऊ लागली. पुढे नुसते पोहणाऱ्यांनाही शुल्क आले. समोरचे ओसाड क्लाइन बोनेर बेट, जिथे कासवे अंडी घालतात, एका खासगी कंपनीच्या मालकीचे होते. हॉटेले उभी राहण्याची शक्यता १९९९ मध्ये ते विकत घेऊन संपवण्यात आली. ‘निरुपयोगी’ ठरलेल्या बेटांपैकी एकाच्या निर्जन तुकड्यासाठी, तो निर्जनच राहावा म्हणून, पैसे मोजले गेले.

१७/ आता या कथेचा अवघड भाग. प्रवाळ आणि शेवाळ यांच्यात जागेसाठी सतत स्पर्धा असते. शेवाळ खाणारे जीव ती स्पर्धा प्रवाळाच्या बाजूने झुकवतात. १९८३-८४ मध्ये साऱ्या कॅरिबियनमध्ये एका रोगाने लांब काट्यांचे काळे समुद्रसाळू जवळजवळ नष्ट झाले. शेवाळ कुरतडण्याचा भार पोपटमाशांवर पडला. म्हणूनच बोनेरने २०१० मध्ये पोपटमासे पकडण्यावर बंदी घातली. हाताने स्पर्श करू नका, हातमोजे घालू नका, काही विशिष्ट रसायने असलेली उन्हापासून बचावाची मलमे लावू नका (ही बंदी २०२१ पासून) : पर्यटकाला जाचक वाटणारे हे नियम याच साखळीतले आहेत.

१८/ पण बेटाचे कायदे बेटाच्या हद्दीपर्यंतच चालतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवते. पाणी नेहमीपेक्षा फार तापले, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तापमान लवकर उतरले नाही, तर तो उपासमारीने मरतो. २०१० मध्ये असे झाले, २०२३ च्या उष्णतेत पुन्हा झाले. त्याच वर्षी कठीण प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोगही बोनेरला पोहोचला. भाला, नांगर आणि हॉटेल यांना थोपवणारे कायदे तापलेल्या समुद्राला थोपवू शकत नाहीत. २०२४ मध्ये बोनेरच्या काही रहिवाशांनी ग्रीनपीससह नेदरलँड्स सरकारविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा दाखल केला : हवामानबदलापासून आमचे पुरेसे संरक्षण होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बोनेर २०१० पासून थेट नेदरलँड्सचा भाग आहे, हा त्यातील कळीचा मुद्दा.

१९/ या इतिहासातून एक प्रश्न सुटत नाही. पाहणारे आले नसते, तर कदाचित ही भित्ती वाचवण्यासाठी पैसा आणि मते उभी राहिली नसती. पण तेच पाहणारे विमानाने हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, आणि समुद्र तापवणाऱ्या व्यवस्थेचे ते भाग आहेत. हास दांपत्याच्या काळी पाहणे आणि मारणे यांत निवड करायची होती, आणि ती निवड व्यक्तीच्या हातात होती. आजच्या जोडप्याने भाला कधी हातातही धरलेला नसतो. त्यांच्यापुढची निवड अधिक धूसर आहे आणि ती पाण्यात उतरण्याच्या आधीच, घरी बसून करायची असते.

२०/ तरीही बोनेरचा दाखला निराशेचा नाही. जिथे राखण झाली, तिथली भित्ती आघातांनंतर सावरण्याची शक्यता अधिक, हे कॅरिबियनमधील अनेक बेटांच्या तुलनेतून अभ्यासकांना दिसले आहे. मोठे मासे, शेवाळ खाणारे मासे, न मोडलेला पाया : ही सारी १९७१, १९७९, १९९२ आणि २०१० च्या निर्णयांची कमाई. त्यांतील एकही निर्णय एका रात्रीत झाला नाही आणि प्रत्येकाला त्या वेळी विरोध करणारे होते. सोळाव्या शतकात सोन्याच्या मापाने मोजलेले बेट, एकोणिसाव्या शतकात मिठाच्या मापाने मोजले गेले, विसाव्या शतकात पर्यटकांच्या संख्येने. पुढचे माप कोणते असेल, हे ठरवणाऱ्यांत आज शाळा-महाविद्यालयांत शिकणारी पिढी असेल. इति.